आबांसाठी लॅबमधून एक बाटली आणू का?

पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढलेत):

"मी २७ वर्षांची, मूळची कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, सध्या पुण्यात पीएचडीच्या चौथ्या वर्षाला. विषय: कॅन्सरच्या फोटोथर्मल थेरपीसाठी (उजेडाने गाठ तापवून मारणं) हायब्रिड नॅनोपार्टिकल (अतिसूक्ष्म मिश्र कण). सोन्याचे नॅनोरॉड, त्यावर पॉलिडोपामीनचा थर, त्यात केमोचं औषध. मागच्या वर्षी माझा पेपर छापून आला आणि मग पेपरात छापून आलं, 'गावच्या लेकीने शोधले कॅन्सरवर औषध'. चौकात फ्लेक्स लागला. आता माझ्या थोरल्या चुलत्यांना, आबांना (वय ५६, तंबाखू), गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर निघालाय. डॉक्टर म्हणतात लवकर सापडलाय, ऑपरेशन करू, जबड्याच्या कडेचा भाग आणि मानेतल्या गाठी काढू. तारीख बारा दिवसांवर आहे. आबा म्हणतात, 'ऑपरेशन कशाला, आपल्या पोरीचं औषध हाय की.' चुलतभाऊ, म्हणजे दादा, म्हणतो गुपचूप एक बाटली आण, लेझरचं मी बघतो. बारावीनंतर माझी फी आबांनी म्हैस विकून भरलीय. खरं सांगितलं तर त्यांची आशा जाईल. आणि तुम्हाला म्हणून सांगते, एका रात्री मीसुद्धा लॅबच्या फ्रीजसमोर उभी राहिले होते. मग रडू आलं, की चार वर्षं मी करतेय तरी काय. काय सांगू त्यांना?"

---

बाटली आणू नकोस.

हे पहिल्याच ओळीत टाकलं कारण बारा दिवस म्हणजे काहीच नाहीत आणि माझं उत्तर लांबणार आहे, मी मुळातच पाल्हाळ लावते. तुला तू म्हणतेय, चालेल ना.

आता फ्रीजचं. त्या रात्री तू तिथे उभी राहिलीस याची लाज वाटून घेऊ नकोस. मीही लिहिण्याच्या धंद्यात पडायच्या आधी काही वर्षं लॅबमध्ये काढलीत आणि घरातलं माणूस आजारी पडलं की समोरच्या प्रत्येक बाटलीकडे वेगळ्या नजरेने बघितलं जातं हे मला माहितीय. तू दार उघडून परत लावलंस ना, मग झालं. पण का लावलंस ते तुला नीट शब्दात सांगता आलं पाहिजे, कारण तेच तुला आबांना सांगायचंय. म्हणून तुला माहीत असलेलंच जरा परत सांगते, बाकीच्या वाचकांनाही कळेल.

प्रयोग दिसायला जादूसारखाच असतो. दोन छोट्या चौकोनी नळ्या, एकीत साधं पाणी, दुसरीत नॅनोरॉडचं पाणी. ८०८ नॅनोमीटरचा लेझर लावायचा, जो डोळ्याला दिसत पण नाही. साध्या पाण्याचा आकडा जेमतेम दोन-चार अंश हलतो आणि दुसरीचा आपल्या डोळ्यादेखत चढत जातो, ३०, ३८, ४५, ५२. थर्मल कॅमेऱ्यात ती नळी निळ्याची पिवळी, पिवळ्याची लाल होते. चुना मारलेली गच्ची आणि डांबरी रस्ता, ऊन तेच पण पाय कुठे भाजतात, तसंच. सोन्याच्या कांडीची लांबी-जाडी बदलली की ती कुठला उजेड पिणार ते ठरवता येतं, आणि हा असा उजेड निवडतात जो कातडी आणि रक्त फारसं अडवत नाही. पेशी ४२-४५ अंशांना कासावीस होतात आणि ५० च्या पुढे काही मिनिटांत मरतात. म्हणजे गाठीत सोनं पोचवायचं, बाहेरून उजेड टाकायचा, गाठ आतल्या आत भाजून निघणार, शेजारचं मांस शाबूत. आयडिया खरंच सुंदर आहे, त्यात काही खोट नाही.

हायब्रिड का, तर एकट्या सोन्याने भागत नाही. सोनं तापतं पण औषध धरून ठेवत नाही, आणि शरीरात गेलं की लिव्हरमध्ये ठाण मांडून बसतं. म्हणून मग कुणी सिलिकाच्या गोळीवर सोन्याचा पत्रा चढवतं, कुणी चरबीच्या बुडबुड्यावर सोनं लावतं, कुणी एमआरआयमध्ये दिसावं म्हणून आयर्न ऑक्साइड घालतं, आणि तुझ्यासारखे लोक पॉलिडोपामीन लावतात, जे समुद्रातले मसल नावाचे शिंपले खडकाला चिकटून बसतात त्यांच्या डिंकावरून सुचलेलं आहे, स्वतःही तापतं आणि औषधही धरतं. प्रत्येक थर आधीच्या थराची एक अडचण सोडवतो आणि स्वतःची एक नवीन अडचण घेऊन येतो. (संयुक्त कुटुंबासारखंच की.)

आता तुझी ती बाटली. नॅनोरॉड ज्या सीटॅबमध्ये (साबणासारखं एक रसायन) वाढवतात तो पेशींना विषारी असतो, तू तो कितीदा धुतलायस आणि तरी किती उरलाय ते उंदरापुरतं तपासलं असशील, माणसापुरतं नाही. बाटली स्टराइल आहे का, तिच्यात एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) किती, मागच्या महिन्याची बॅच आणि या महिन्याची बॅच सारखी आहे का, ६० किलोच्या माणसाला किती द्यायचं, कुठून द्यायचं, आतल्या केमोच्या औषधाचा हिशोब काय. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडे नाही आणि नसणारच, तुझ्या थीसिसचा तो प्रश्नच नाहीये. आणि दादाला स्पष्ट सांग, 'लेझरचं मी बघतो' म्हणजे नक्की काय बघणार आहेस? न दिसणारा किरण आहे तो, चष्म्याशिवाय एकदा डोळ्यात गेला की नजर जाते, आणि उजेड दिसतच नाही म्हणून डोळा मिटायचंही सुचत नाही. डोस चुकला तर गाल भाजेल, त्या भाजलेल्या गालावर ऑपरेशन करणं अजून अवघड, आणि तारीख गेली ती गेलीच.

उंदीर आणि आबा यातला फरकही त्यांना सांग, लाजू नकोस. उंदीर २०-२५ ग्रॅमचा, गाठ मुद्दाम कातडीखाली, मटारच्या दाण्याएवढी वाढवलेली, उजेडाला जायला जेमतेम काही मिलिमीटर. माणसाच्या मांसात हा उजेड जितका आत जाईल तितका पांगत आणि विझत जातो. शिवाय गाठीच्या कडेने मोठी रक्तवाहिनी जात असेल तर वाहतं रक्त उष्णता घेऊन जातं आणि नेमक्या त्या कडेच्या पेशी जगतात. गाठ ९५ टक्के भाजली आणि ५ टक्के राहिली तर उंदराच्या पेपरात तो सुंदर ग्राफ असतो. आबांच्या तोंडात तो उलटलेला कॅन्सर असतो.

आणि सोनं गाठीत पोचतं तरी किती? टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांचे पेपर गोळा करून हिशोब मांडला, तर शिरेतून दिलेल्या नॅनोपार्टिकलपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचा मध्यक निघाला ०.७ टक्के. शंभरातला एक पण नाही. बाकीचा बराचसा माल लिव्हर आणि प्लीहा गिळतात. हा आकडा आला तेव्हा आमच्याकडे दोन दिवस कुणी चहाला धड बोलत नव्हतं.

मग हे सगळं थोतांड आहे का? नाही ना. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात नेओमी हलास आणि जेनिफर वेस्ट यांच्या गटाने सिलिकावर सोन्याचं कवच असलेले नॅनोशेल वापरून उंदरांच्या गाठी तापवल्या ते २००३ साली. त्याच नॅनोशेलचा माणसांवरचा निकाल छापून आला २०१९ मध्ये, न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमधून, प्रोस्टेटच्या कॅन्सरचे १६ पेशंट, त्यातल्या १५ जणांमध्ये ठरवलेल्या जागेची गाठ जाळणं जमलं. सोळा वर्षं आणि सोळा माणसं. ते सुद्धा कसे निवडलेले, तर कमी किंवा मध्यम धोक्याचा, प्रोस्टेटमध्येच असलेला कॅन्सर, आणि लेझर बाहेरून नाही, एमआरआय आणि सोनोग्राफीच्या नकाशावर बघत बघत बारीक फायबर थेट गाठीत घालून. डोकं-मानेच्या कॅन्सरवरही या नॅनोशेलची एक छोटी चाचणी झालीय, पण कुणावर? ज्यांचा कॅन्सर उलटला होता किंवा बाकीच्या उपायांना दाद देत नव्हता अशांवर. आबांसारखा माणूस, ज्याचा लवकर सापडलाय आणि ऑपरेशनने निघण्यासारखा आहे, त्याला कुठलाही शहाणा डॉक्टर अशा चाचणीत आधी घालणार नाही. ही एक गोष्ट घरच्यांना समजली तरी अर्धं काम झालं.

आपल्या दारातलंही उदाहरण आहे. आयआयटी मुंबई आणि खारघरचं ॲक्ट्रेक, म्हणजे टाटा मेमोरियलचीच संशोधन शाखा, यांनी मिळून लायपोसोमवर, म्हणजे त्या चरबीच्या बुडबुड्यांवर, सोनं चढवलेले कण केले, २०१५ मध्ये छापून आलं. उंदरांमधली गाठ ७५० नॅनोमीटरच्या लेझरने गेली, पण मला त्यातलं आवडलेलं वेगळंच आहे, ते कण लिव्हरमध्ये तुटतात आणि पित्तातून, लघवीतून बाहेर पडतात हे त्यांनी दाखवलं. म्हणजे 'सोनं आत साचून राहतं' या जुन्या दुखण्यावर कुणीतरी नीट काम केलं. गाठ गेली हे सगळेच लिहितात गं. कचरा कुठे गेला हे विचारणारे थोडे. तू विचारतेस 'चार वर्षं करतेय तरी काय', तर हेच करतेयस, अशा एकेका प्रश्नावर चार-चार वर्षं जातात. तुझ्या कामाने या वर्षी आबा बरे झाले नाहीत म्हणजे काम फुकट गेलं हा हिशोब तुझ्यावर फ्लेक्सने लादलाय, तू स्वतः तो इतर कुणाला लावणार नाहीस.

आता तुझ्या पत्रातल्या मुख्य वाक्याकडे येते. 'खरं सांगितलं तर त्यांची आशा जाईल.' मला हे पटलं नाही. आबांना नॅनोपार्टिकल हवेत असं मला पत्रातून कुठेच दिसलं नाही, आबांना ऑपरेशन नकोय, आणि 'पोरीचं औषध' हे ते नको म्हणायचं सगळ्यात मानाचं कारण आहे. भीती वाटते असं छप्पन्न वर्षांचा घरातला कर्ता माणूस चारचौघात म्हणत नाही. त्यांना विचार, एकट्यात, गोठ्यात वगैरे बसून, की आबा नक्की कशाची भीती वाटते? माझा अंदाज आहे की जबडा. गावात बोलताना 'जबडाच काढत्यात' असं होतं आणि मग माणूस आरशात बघून भाकरी कशी चावायची याचा विचार करत बसतो. तू तर लिहिलंयस 'कडेचा भाग'. म्हणजे बहुतेक वरची कड तासून खालचं हाड तसंच ठेवणार असतील, पूर्ण जबडा काढणं आणि हे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मला रिपोर्ट दिसत नाहीत, त्यामुळे हे सर्जनलाच विचारा, पण आबांच्या समोर विचारा, कागदावर चित्र काढून दाखवा म्हणा. चांगले सर्जन काढून दाखवतात.

दुसरी शंका घरात असणारच, स्कॅनमध्ये मानेत काही दिसत नाही तर मान कशाला कापायची? इथे तर उत्तर आपल्याच मुंबईतून आलंय. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या टीमने तोंडाचा लवकरच्या स्टेजचा कॅन्सर असलेल्या, मानेत गाठ लागत नसलेल्या पेशंटचे दोन गट केले, एका गटाच्या मानेतल्या लसीकाग्रंथी (लिम्फ नोड, ज्यांना डॉक्टर 'मानेतल्या गाठी' म्हणतात) पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, दुसऱ्या गटाच्या गाठ उगवली तरच काढायच्या ठरवल्या. ५०० पेशंटचा हिशोब २०१५ मध्ये छापला, तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले ६७.५. थांबून बघण्याची किंमत ती. आणि हेच उजेडाचं दुबळेपण पण आहे, लेझर तू जिथे रोखशील तिथेच काम करतो, मानेत लपलेल्या, कुणाला न दिसणाऱ्या चार पेशींवर तो रोखणार कसा? सर्जनचा चाकू जुना असेल पण त्या पेशी तो न बघता उचलतो.

आबांना हे कसं सांगायचं, तर लेझर न् नॅनोमीटर नको. ऊस लावतात ना ते? को ८६०३२ माहीत नाही असा ऊसवाला तुमच्याकडे सापडायचा नाही. त्यांना विचार, त्या नावातला ८६ कशाचा. को म्हणजे कोइमतूर, ८६ म्हणजे १९८६ साल, आणि महाराष्ट्रात त्याची शिफारस व्हायला नव्वदचं दशक अर्धं सरलं. मधली वर्षं तो प्लॉटवर होता, रोग बघ, उतारा बघ, खोडवा बघ. केंद्राच्या प्लॉटवरचं वाण कुणी रात्रीत उपटून आणून चार एकरात लावतं का? म्हण, आबा, माझं औषध अजून प्लॉटवर आहे, तुमच्या रानात लावायचं नाही. मी पैज लावते, ते हसतील, आणि त्यांना तुझ्या थीसिस कमिटीपेक्षा जास्त कळेल.

एक मात्र पाळ. 'माझ्याकडे औषध नाही' एवढं बोलून उठू नकोस. ती तुझी कबुली झाली, त्यांचा उपाय नाही झाला. लगेच पुढचं वाक्य, 'पण तारखेला मी तिथे आहे.' म्हशीचं ओझं घेऊन फिरतेयस ना, ते फेडायची जागा ही आहे. इंग्रजी फाइल वाचता येणारी, डॉक्टरला न घाबरता विचारणारी, रात्री वॉर्डात बसणारी पुतणी. बाटलीपेक्षा हे कितीतरी महाग आहे.

काय काय विचारायचं ते भराभर सांगते, इतर घरांनाही उपयोगी पडेल. काढलेल्या जागी मांस कुठून लावणार, छातीचं की मांडीचं. नाकातली नळी साधारण किती दिवस. तोंड उघडायचे व्यायाम कधीपासून आणि ते कोण शिकवणार (हे लोक हमखास विसरतात आणि मग तोंड दोन बोटंच उघडतं). बायोप्सीचा फायनल रिपोर्ट आल्यावर रेडिएशन लागेल का, लागणार असेल तर दाताच्या डॉक्टरला आधी दाखवा, आणि घरी बरं वाटतंय म्हणून ते टाळू नका. तंबाखू आजपासून बंद, 'ऑपरेशनपर्यंत' वगैरे काही नाही. पैशांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हॉस्पिटल आहे का बघा, तिथे आरोग्यमित्र म्हणून माणूस बसलेला असतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला गाठा. सेकंड ओपिनियन हवं असेल तर जरूर घ्या, पण ठरलेली तारीख हातात ठेवून घ्या, सोडून नाही.

आणि दादावर लक्ष ठेव. तू बाटली दिली नाहीस तर तो दुसरीकडे शोधेल, आणि 'नॅनो', 'लेझर', 'बिना ऑपरेशन' असे तीन शब्द एका बोर्डावर लिहून बसलेले लोक असतात. त्याला एकच परीक्षा शिकव. खरीखुरी चाचणी असेल तर तिची सीटीआरआयवर, म्हणजे सरकारी क्लिनिकल ट्रायल रजिस्टरवर, नोंद असते, २००९ पासून ती सक्तीची आहे आणि कुणालाही फुकट बघता येते. तुमच्या भाषेतला संमतीचा कागद वाचायला देतात. आणि चाचणीतल्या औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. प्रयोग पण म्हणतो आणि ॲडव्हान्स पण मागतो, तिथून चप्पल घालून निघायचं.

जपानमध्ये उजेडाने कॅन्सर मारायचं औषध मिळतं असा फॉरवर्डही येईल, तेव्हा आधीच सांगते. ते २०२० मध्ये मंजूर झालंय हे खरं आहे, डोकं-मानेच्या कॅन्सरसाठीच, पण ज्यांचं ऑपरेशन शक्य नाही त्यांच्यासाठी. आणि त्यात सोनंबिनं नसतं, अँटिबॉडीला लावलेला रंग असतो. तुझ्या कामाचा तो लांबचा चुलतभाऊ म्हण.

तर रविवारी पहिली एसटी पकड. गाइडला सांगून चार-पाच दिवसांची सुट्टी आत्ताच टाक, उंदीर थांबतील.

राहता राहिला फ्लेक्स. तो काढायला लावू नकोस, उगाच आबांचा मान जाईल, वळवाच्या एका पावसात आपोआप फाटतो तो. पण त्या पेपरच्या बातमीदाराला मात्र फोन कर. तालुक्यात अजून कुणीतरी ते कात्रण कपाटात जपून ठेवलेलं असेल आणि त्यांच्या घरात पीएचडी करणारी पुतणी नसेल. भांडू नकोस त्याच्याशी, चार ओळींचा खुलासा छापा म्हण, मजकूर हा घे: "सदर संशोधन प्रयोगशाळेत व उंदरांवर झालेले असून ते माणसांसाठी औषध म्हणून उपलब्ध नाही. कोणत्याही पेशंटने यासाठी ऑपरेशन, केमो किंवा रेडिएशन पुढे ढकलू नये." खाली तुझं नाव घाल, फ्लेक्सवर होतं तसंच, पूर्ण.